झुलत्या पुलावरची धडधड

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. जंगलातल्या दिग्गी गावाजवळच्या ओढ्यावरील झुलत्या पुलावर त्या घडीला तीन जीव होते: मयूरी, तिने दाव्याला धरून मागून आणलेले वासरू, आणि मधोमध दोन्ही तारा घट्ट धरून उभा असलेला एक परका तरुण.

"बाजूला सरा हो! वासरू खोळंबलंय."

"सरलो असतो... पण पाय ऐकत नाहीत."

मयूरीला हसू आले. ती जवळच्या गुंद गावच्या शाळेत शिकवीत असे. न ऐकणाऱ्यांशी तिची गाठ रोजचीच. तिने त्याचे मनगट धरले आणि वासराबरोबर त्यालाही काठाला लावले. हात सोडताना मात्र — कोण जाणे कसे — तिच्याच उरात धडधडले.

तो योगेश. मूळ रामनगरचा, बेळगावात मानसशास्त्राचा प्राध्यापक. जंगलातल्या माणसांच्या भीतीचा अभ्यास करायला आलेला! मग तो दर शनिवारी येऊ लागला आणि दर शनिवारी ती त्याला पूल ओलांडून देऊ लागली. तिची आई देवकी विचारी, "काय गो, ह्या मास्तराला अजून चालाया येत न्हाई व्हय?"

जानेवारीतल्या एका शनिवारी, पुलाच्या मध्यावर, पाण्याकडे पाहत मयूरी म्हणाली, "योगेश... मला तुम्ही आवडता."

त्याचे कान लाल झाले. पण तोंड उघडले ते प्राध्यापकाने.

"हे प्रेम नसेलही, मयूरी. पूल हलतो, नाडी वाढते, आणि मन समोरच्या माणसालाच त्याचं कारण समजतं. अस्वलाला भितो म्हणून आपण पळत नाही. पळतो म्हणून भितो, असंही एक मत आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"त्या मतवाल्याला अस्वल भेटलेलं दिसत नाही! आमच्याकडे अस्वल दिसलं की पळत नाहीत, जागच्या जागी उभे राहतात. म्हणून काय आम्ही भीत नाही? आणि हा पूल? डोक्यावर भाताचा भारा घेऊन मी लहानपणापासून ह्यावरून जाते. थरथरता तुम्ही! मग खोटं प्रेम कुणाचं ठरलं, सर?"

तिने धरलेले त्याचे मनगट सोडले आणि ती निघून गेली. तो बसत, सरकत काठाला लागला. तिने वळूनही पाहिले नाही. नकार तिने पचवला असता. पण आपल्या उरात काय चालले आहे, हे परक्याने येऊन सांगावे, आणि तेही चुकीचे — हा कुठला न्याय?

काही दिवसांनी देवकी हसत घरी आली. "तुझा मास्तर रजा काढून आठ दिस झालं पुलावर येरझाऱ्या घालतोय गो. म्हशी खोळंबल्यात!"

मयूरी गेली नाही. शेवटी तोच मळणीच्या खळ्यावर आला. एकट्याने पूल ओलांडून.

"पुलाची भीती गेली," तो म्हणाला. "धडधड मात्र... राहिली. तुमच्या मनाचा निकाल देणारा मी कोण होतो? चुकलो."

"चुकलातच! बसा. पाणी प्या. दम जाऊ द्या."

शेणाने सारवलेल्या त्या सपाट खळ्यावर तो श्वास पुरता संथ होईपर्यंत बसला. मग मयूरीने मोबाइलवर वेळ लावली आणि त्याची नाडी धरली. राग पुरता उतरला नव्हता. बोटे मात्र अलगद टेकली होती. पलीकडे सुपाने भात पाखडता पाखडता देवकीने तोंड फिरवले.

"आणि तुमची... मी मोजू?"

"माझी मोजायची नाही. मी सांगेन ते ऐकायचं. मला तुम्ही आवडता."

"मान्य," योगेश म्हणाला.

त्याची नाडी, मिनिटाला: १२४.