सुरमईचे आईबाप

"काका, हिचे आईबाबा कोण?"

हा प्रश्न दक्षता गुप्तेचा नव्हता. कोलशेतला वरातीसाठी सजून उभी असलेली घोडी बघून निशा आणि करिश्माने पैज लावली होती. घोडीची चौकशी करायची, अगदी स्थळ बघायला आल्यासारखी, आणि हसायचं नाही. दक्षताने मोबाइल हात लांब करून धरला, तिघी मैत्रिणी आणि घोडीचं तोंड एका चौकटीत कसंबसं बसवलं आणि सासूबाईंच्या गांभीर्याने विचारलं.

घोडीने उत्तरादाखल सणसणीत फुर्रर्र केलं. दक्षताच्या शर्टाच्या डाव्या खिशावरचं शाळेचं बोधचिन्ह हिरव्या फेसाखाली गडप झालं. निशा आणि करिश्मा हसत हसत रस्त्यातच बसल्या.

घोडीवाले नाथाकाका मात्र सरळ म्हणाले, "मना ठावं नाय, बाय. खाडीच्या काठाला गावली तवा एवढीशी व्हती. सहा वर्सं झाली."

रील त्याच संध्याकाळी टाकलं. चार दिवसांत ऐंशी हजार लोकांनी पाहिलं. घोडीचे कान वर टोकाशी आत वळून एकमेकांना जवळजवळ टेकत होते, आणि खाली कॉमेंटमध्ये त्यावरून महायुद्ध पेटलं होतं. मारवाडी! काठेवाडी! माझ्या मावशीसारखी दिसते! एकाने लिहिलं, "असे कान ठाण्यात? आठ लाखांच्या खाली कुणी देणार नाही." दक्षताने त्याला लाल बदाम दिला.

दोन आठवड्यांनी तेच नाथाकाका कोपरीत, आसावरी गुप्तेच्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसले होते.

आसावरी म्हणजे दक्षताची आत्या. खाजगी गुप्तहेर. ऐकायला भारी वाटतं, पण निम्म्याहून जास्त कामं लग्नाआधीच्या चौकशीची : मुलाचा पगार खरा का, आधीचं लग्न लपवलंय का. शनिवारी शाळा सुटली की दक्षता तिथे फायली लावायची आणि स्वतःला सहायक म्हणवून घ्यायची. आत्या तिला 'फायलीवाली' म्हणायची.

"मी ह्यांना ओळखते!" दक्षता ओरडली. "ह्यांची घोडी माझ्यावर शिंकली होती! आत्या, रील बघ, रील!"

आत्याने रील एकदा पाहिलं, परत पाहिलं आणि विचारलं, "सेल्फी कॅमेरा?"

"मग? आम्ही दिसायला नको?"

"बोला, नाथाभाऊ," आत्या म्हणाली. नाथाकाकांची बायको मंजुळा तिची नेहमीची मासेवाली होती. "मंजुळावहिनींनी बोंबील देताना अर्धं सांगितलंय. उरलेलं तुम्ही सांगा."

उरलेलं थोडक्यात असं होतं. कल्याणच्या पुढे मुकुल नावाच्या माणसाचा लग्नाच्या घोड्यांचा मोठा तबेला होता. त्याने पोलिसांत अर्ज दिला होता की सहा वर्षांपूर्वी त्याच्या मारवाडी घोडीची दोन महिन्यांची शिंगरी चोरीला गेली आणि ती कोलशेतला नाथाकडे आहे. सोमवारी घोडी त्याच्या ताब्यात जाणार होती.

"सुरमई गेली तर घर बसलं आमचं," नाथाकाका म्हणाले. "खाडीत मासळी ऱ्हायली नाय. आन् घराचं सोडा. ती आमची पोर हाय. मंजुळानं बाटलीनं दूध पाजलंय तिला."

त्यांनी अर्जाची झेरॉक्स पुढे केली. दक्षताने मोठ्याने वाचली : "ओळखीची खूण, उजव्या कानाच्या टोकाला जन्मजात खाच."

"जन्मजात!" नाथाकाका उसळले. "बाळकुमला तारेत कान अडकला, तिथं फाटला! दोन वर्सं झाली! जन्मजात म्हनं!"

"पोलिसांनी कान बघितला?"

"लांबून बघितला. खाच हाय, म्हनले, मिटलं."

सुरमई कोलशेतला, नाथाकाकांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. रंग खरंच ताज्या सुरमईच्या पाठीसारखा, काळसर आणि चकाकणारा. मंजुळाकाकू तिला चणे चारत होत्या आणि मुकुलचा उद्धार करत होत्या, ज्यातलं फारसं इथे लिहिता येणार नाही.

"वहिनी, आधी कधी आला होता हा माणूस?"

"कंदी नाय! त्यानं तिचं त्वांड बगितलं आसंल तर माझं नाव बदला!"

"मग कानाची खाच त्याला कुणी सांगितली?"

मंजुळाकाकूंचा चण्याचा हात थांबला. हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता.

आत्या सुरमईच्या खांद्यापाशी गेली, जिथून नवरदेव चढतात त्या बाजूला. हात वर केला तर फाटका कान बरोबर हाताशी आला. तिने खाच चाचपली आणि विचारलं, "नाल कोण मारतो?"

नाल मारणारा दर्शन योगायोगाने मुकुलच्याही तबेल्यात काम करत होता. दक्षताच्या मते केस तिथेच सुटली.

"हाच खबऱ्या! कानाची खाच ह्यानेच सांगितली!" ती आत्याच्या कानात कुजबुजली. कुजबूज इतकी दणदणीत होती की ढोकाळीच्या रस्त्यावर बसलेल्या दर्शनने मान वर केली.

"ए ताई, मी काय बोललोच नाय कोणाला," तो म्हणाला. "मी खाली बघतो. खूर बघतो. कानात काय आहे, मला काय घेणं?"

"बरं, खुरांवरून सांगा," आत्या म्हणाली. "हिची जात कुठली?"

दर्शनचा राग क्षणात उतरला. आवडीचा विषय होता. "बघा, कान राजस्थानचे. डाउट नाय. पण खूर रुंद आणि दगडासारखे, चार वर्षांत एकदा पण चिरले नाय. पाय आखूड. ते आपल्याकडच्या तट्टूचे. बाप बाहेरचा, आई इथलीच. मुकुलशेठ बोलतो आई-बाप दोन्ही असली मारवाडी. मग हे खूर कोणाचे, माझ्या काकाचे?"

"हे सिद्ध करता येईल?"

"नाय. अंदाज आहे. पण माझा अंदाज आहे."

मुकुलच्या तबेल्यात झुंबर होतं. दक्षता त्याच्याकडेच बघत राहिली, कारण घोड्यांच्या डोक्यावर झुंबर तिने पहिल्यांदाच पाहिलं. मुकुलने चहा मागवला. माणूस गोड बोलायचा.

"नाथाभाऊंना दोष देत नाही मी, मॅडम. गरीब माणूस. सापडली, ठेवली. पण वस्तू ज्याची त्याची."

"आईचे दोन केस मिळतील? तपासणी करून घेऊ. प्रश्नच मिटेल."

"आई मागच्या वर्षी वारली. बाप जोधपूरकडे विकला. कुठे शोधणार?"

"अरेरे. आणि हिला तुम्ही सहा वर्षांत पाहिलं नाही?"

"दोन महिन्यांची असताना गेली, ती गेलीच. आता धंद्यात कानावर आलं."

"रीलवर वगैरे दिसली का?"

"रील?" मुकुल हसला. "मॅडम, मला तबेल्यातून वेळ मिळाला तर."

मग आत्याने असा प्रश्न विचारला की दक्षताला लाज वाटली. "माझा ना, डाव्या-उजव्यात फार गोंधळ होतो. तुम्ही उजवा कान लिहिलंय ते आपण समोर उभं राहिल्यावर उजवा, की कसं?"

मुकुलने दयेने मान हलवली. "समोरून नवशिके बोलतात. घोडेवाला नेहमी स्वार होऊन बोलतो. तुम्ही पाठीवर बसलात की उजव्या हाताचा कान, तो उजवा. त्याला खाच."

"शिकले हो मी आज," आत्या म्हणाली आणि चहा संपवला.

परतताना रिक्षात दक्षता फुगून बसली होती. "आत्या, काय गं! पहिलीतल्या मुलीला डावं-उजवं कळतं!"

"कळतं ना? मग सांग, घोडीने तुझा कुठला खिसा रंगवला होता?"

"डावा. आईने तीनदा धुतला. त्याचा काय संबंध?"

आत्या गालात हसली आणि बाहेर बघायला लागली. दक्षताला तिचं हे बाहेर बघणं मुळीच आवडत नसे.

रविवारी दुपारी चौकीत सब-इन्स्पेक्टर सगुणा भोईरांच्या टेबलाभोवती सगळे जमले. नाथाकाका, मंजुळाकाकू, मुकुल, दर्शन. सुरमई बाहेर झाडाला बांधली होती.

"मॅडम, एक मिनिट बाहेर याल?" आत्याने भोईरांना विनंती केली. "घोडीच्या बाजूला उभ्या राहा. तिचं तोंड जिकडे, तुमचंही तिकडे. आता खाच कुठल्या कानाला?"

भोईरांनी पाहिलं. "डाव्या."

"अर्जात?"

भोईरांनी कागद पाहिला. "उजव्या."

"समोरून बघितलं की उजव्या बाजूलाच येतो तो," मुकुल लगेच म्हणाला.

"येतो ना. पण काल तुम्हीच सांगितलंत, समोरून नवशिके बोलतात. ही माझी फायलीवाली तेव्हा तिथे होती."

"सहा वर्षं झाली, मॅडम. विसरतो माणूस."

"खाच आठवते आणि कान विसरतो? बरं, तेही धरून चालू." आत्याने दक्षताचा मोबाइल भोईरांपुढे धरला. "आता हे बघा. ह्यात खाच कुठे?"

भोईरांनी रील थांबवलं. घोडी समोर तोंड करून होती. "चित्रात डाव्या बाजूला. म्हणजे घोडीचा... उजवा कान." त्यांनी झाडाखालच्या सुरमईकडे पाहिलं. "असं कसं?"

"ह्या मुलीचा खिसा बघा. शाळेचा शर्ट, खिसा नेहमी डावीकडे. इथे फेस उडालाय तिच्या उजवीकडे. तिच्या फोनचा सेल्फी कॅमेरा आरशासारखा आहे. डावं ते उजवं करतो आणि तसंच ठेवतो. मुकुलशेठनी रील नीट पाहिलं. घोडा जाणणारे आहेत, त्यामुळे चित्रावरून हिशोब बरोबर केला, घोडीचा उजवा कान. चुकले ते तिथेच. चित्रात दिसतो तसा 'डावा' लिहिणारा अडाणी माणूस कदाचित वाचला असता." आत्या थांबली. "सुरमईचा उजवा कान फाटलेला जगात एकाच ठिकाणी आहे, ह्या मोबाइलमध्ये. ज्याने उजवा लिहिला त्याने घोडी पाहिलीच नाही. रील पाहिलं. रील टाकलं त्याला दोन आठवडे झाले, अर्ज रील टाकल्यावर पाच दिवसांनी आला."

"आणि हिचे आईबाप?" भोईरांनी विचारलं.

"दर्शन म्हणतो बाप राजस्थानी, आई इथली तट्टू. मला पटतं, पण तो अंदाज. आईबाप कोण ते मी सांगू शकत नाही. मुकुलशेठच्या तबेल्यातले नव्हेत, एवढंच सांगते."

इतका वेळ दक्षता खबऱ्या शोधत होती. दर्शनकडे डोळे वटारून बघत होती. आणि खबर दिली होती तिने. ऐंशी हजार लोकांना.

"तर्क झकास आहे," भोईर म्हणाल्या. "पण कागदावर काय लिहू? उद्या ह्यांचा वकील म्हणेल, रील तुम्हीच उलटं करून आणलं. ज्या फोनवर काढलं तो फोन जमा करावा लागेल, आणि जिने काढलं तिचा जबाब. पुढे कोर्टातही यावं लागेल. वय काय तुझं?"

"पंधरा."

"घरी विचार. जबरदस्ती नाही. तुला इथे यायचीही गरज नाही, आम्ही घरी येऊन जबाब घेतो. उद्या बारापर्यंत थांबते मी. मग माझ्यापुढे फक्त त्यांचा अर्ज उरतो."

नाथाकाकांनी दक्षताकडे पाहिलं. "म्हंजी तुज्या रीलमुळं झालं ह्ये?"

"हो, काका."

झाडापाशी जाऊन त्यांनी सुरमईची दोरी सोडली. मंजुळाकाकू मागोमाग गेल्या.

बाळकुमला दक्षताच्या घरी, एकोणिसाव्या मजल्यावर, रात्रीची जेवणं गार झाली.

"आसावरी आहे ना बोलायला," बाबा म्हणाले. "तिचं कामच आहे ते. तुझं नाव पोलिसांच्या कागदावर कशाला?"

"आणि फोन जमा?" आईने विचारलं. "क्लासच्या सगळ्या नोट्स त्यात आहेत. महिन्यावर प्रिलिम आली. रील काढून टाक आणि विषय संपव. सोसायटीत पोलिस आलेले मला चालणार नाहीत, नीट ऐक."

"येणार नाहीत," दक्षता म्हणाली.

"सुटलो," बाबा म्हणाले.

"मी चौकीत जाणार आहे. उद्या दहाला. फोन देणार, जबाब देणार, नाव पूर्ण लिहिणार. नाथाकाका तिथे असतील, त्यांच्यासमोर. नोट्स मी निशाच्या वहीतून उतरवून घेईन." तिने गार झालेलं ताट पुढे ओढलं. "मी विचारत नाहीये, आई. सांगतेय. तुमच्यापैकी एकाला माझ्याबरोबर बसावं लागेल. कोण येतंय, तेवढं ठरवा."