पन्ह्याचं लायसन

हायकोर्टाच्या व्हरांड्यात कुमुदिनी दिघेने ज्या माणसाला रस्ता विचारला, त्याच्या अंगावर काळा कोट होता आणि चेहऱ्यावर घाई नव्हती. तिला तेवढं पुरेसं वाटलं.

"दोन नंबरचं कोर्ट किधर आहे हो?"

"मीही तिकडेच चाललोय. चला."

कुमुदिनीला भीड म्हणून नव्हती. चालता चालता तिने सगळं सांगून टाकलं. रामबागेत तिचा गाण्याचा वर्ग. गेल्या चैत्रात वर्गातल्या बायकांनी तिथे चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. गाणी म्हटली, पन्हं प्यायल्या, ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन घरी गेल्या. दारावरून जाणाऱ्या करमणूक खात्याच्या एका साहेबांनी आत डोकावलं. ते दुसऱ्या मुलखातले. बायका येतायत, गाणं चाललंय, पेले फिरतायत, एवढंच त्यांना दिसलं. जिथे गाण्याबरोबर खाणंपिणं होतं ते करमणुकीचं ठिकाण, असं खात्याचं ताजं परिपत्रक होतं. लायसन नाही म्हणून त्यांनी दाराला लाखेचं सील ठोकलं. तेव्हापासून वर्ग बंद, आणि पेटी आत. अख्खा पावसाळा बंद खोलीत काढलेल्या त्या पेटीचे सूर जिवंत तरी असतील का, या काळजीने ती अर्धी झाली होती. खात्यावर केलेली केस हरली तर वर्ग कायमचा गेला आणि आपण उज्जैनला भावाच्या घरी, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

"आणि सरकारी वकील म्हणे एकदम खडूस आहे," ती म्हणाली. "सच सांगू, मला तर वाटतं—"

"थांबा." तो उभा राहिला. "पुढचं बोलू नका. मीच तो. म्हणजे... त्यांचा ज्युनिअर. साहेब आजारी आहेत. मी अच्युत पुराणिक."

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. काहीतरी करायचं म्हणून कुमुदिनीने पिशवीतली डबी काढून पुढे केली.

"तिळगूळ तरी घ्या."

"समोरच्या पार्टीकडून? निकाल लागेपर्यंत नाही चालणार." तरी डबीकडे त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं. "पण रथसप्तमीपर्यंत देतात ना?"

"देतात. ज्याला द्यायचा त्याला."

कोर्टात तिच्या बाजूने म्हातारे अप्पासाहेब वकील उभे राहिले. कायद्यात करमणूक म्हणजे किंमत घेऊन लोकांना आत सोडणं. परिपत्रक काढून खात्याला कायदा ताणता येत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. न्यायमूर्ती अच्युतकडे वळले.

"हे पन्हं, हे हरभरे... यांत प्रवेशाची किंमत कुठे आहे?"

गोलमोल बोलायला भरपूर जागा होती, आणि वकील मंडळींना तेवढी पुरते. अच्युतने हातातले कागद खाली ठेवले.

"कुठेच नाही, मायलॉर्ड. येणारी काही देत नाही, उलट घेऊन जाते. आमच्या घरी दर चैत्रात हेच चालतं. खात्याचं खरं मानलं तर माझ्या आईलाही लायसन काढावं लागेल."

न्यायमूर्ती हसले. मागच्या बाकावर बसलेले खात्याचे साहेब हसले नाहीत. कुमुदिनीला तो तिथेच आवडला. आपल्याविरुद्ध उभा असलेला माणूस आवडावा हे काही शहाणपणाचं नव्हतं, पण आवडला.

परिपत्रकाचा तो भाग रद्द झाला, सील निघालं. पेटीचे दोन सूर बसले होते, बाकीचे वाचले.

रथसप्तमीला दुपारी ती पेटी पुसत बसली होती. डबीत तिळगुळाच्या दोनच वड्या होत्या, आणि सकाळपासून तिने त्या कोणाला दिल्या नव्हत्या. दारात सावली पडली.

"या," ती वर न बघता म्हणाली.

"कोण ते तरी बघा."

"पता आहे मला."

अच्युत सतरंजीच्या कडेला बसला. "सरकारी कामं गेली माझी. खात्याने आमच्या साहेबांना सांगितलं, हा ज्युनिअर नको."

"माझ्यामुळे."

"हरभऱ्यांमुळे." तो हसला. "त्या दिवशी काय सांगणार होता तुम्ही? मी थांबवलं तेव्हा."

"हेच, की सरकारी वकील भेटला तर चांगलं सुनावीन त्याला."

"मग सुनावा."

"आता... नाही सुचत." तिने वडी त्याच्या हातावर ठेवली. बोटं लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"एक कायदेशीर शंका आहे," तो पेटीकडे बघत म्हणाला. "लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरीला हलव्याचे दागिने घालतात. पुढच्या वर्षी तुम्हाला घालायचे म्हटलं, तर लायसन लागेल का?"

कुमुदिनीचे कान तापले. तिने उगीचच एक पट्टी दाबून पाहिली. नेमकी बसलेली निघाली.

"लागेल. रीतसर अर्ज करा. सुनावणी इथेच होते."

"आणि निकाल?"

तिने दुसरी वडीही त्याच्या हातावर ठेवली आणि डबी मिटली.

"तो दोन नंबरच्या कोर्टातच लागलाय."