गुलाबाचं बोर

"अय्या, ही तर बोरं!"

हे मी अगदी स्वतःशीच म्हणाले होते. सॉल्ट लेकमधल्या त्या औषधांच्या दुकानात कुणाला मराठी कळत असेल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. हातात व्हिटॅमिन सीची बाटली, बाटलीवर लालचुटूक फळांचं चित्र आणि माझ्या नाकाला लागलेली धार...

"बोरं नाहीत ती," मागून आवाज आला. "रोजहिप. रानगुलाबाचं फळ."

मी गर्रकन वळले. उंच, चष्मेवाला, आणि नोव्हेंबरची जेमतेम थंडी असूनही गळ्यात जाडजूड मफलर!

"गुलाबाला फळ येतं?"

"फूल तोडलं नाही तर येतं." तो हसला. "धीर धरावा लागतो."

त्याचं नाव कौस्तुभ. घर मराठी, पण जन्म, शिक्षण आणि मफलर, तिन्ही कोलकात्याची. जवळच्याच शाळेत भूगोल शिकवायचा. मी तेजस्विनी, पुण्याहून इथल्या सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीत आलेली आणि ऑफिसच्या एसीनं शिंकून शिंकून हैराण झालेली. रोज घेता येईल असं काहीतरी हवं होतं मला.

"पाण्यात फसफसणारी नको, चार दिवसांत कंटाळाल," तो एकेक बाटली बाजूला सारत म्हणाला. "ही चघळायची, हिच्यात साखर. ही साधी गिळायची घ्या. रोजहिप हिच्यात चिमूटभरच असणार, पण चित्र छान आहे."

"म्हणजे मी चित्र बघून औषध घेऊ?"

"रोज तोंड बघायचंय ना? मग बरं दिसणारं हवं." असं म्हणून त्यानं चष्मा सारखा केला आणि मला उगाचच हसू फुटलं.

गल्ल्यावरच्या दासबाबूंनी विचारलं, "छोटो, ना बडो?"

"छोटीच. फेब्रुवारीत प्रोजेक्ट संपतं. पुण्याला परत जायचंय मला." हे मी हिंदीत दासबाबूंना सांगितलं, पण कौस्तुभनं का कोण जाणे, मफलर उगाच घट्ट केला.

दुकानाबाहेर मातीच्या भांड्यातला चहा झाला, त्यात फोन नंबर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज: 'गोळी घेतली?' मग रोजच. हळूहळू संध्याकाळी मेट्रोपर्यंत सोबत, एखाद्या रविवारी हावड्याची बोट. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्या हुगळीलाच ठाऊक. शिंका मात्र थांबल्या. गोळीनं थांबल्या, की...? जाऊ दे.

जानेवारी उजाडला आणि साहेबांनी विचारलं, इथेच राहायचं की पुणे? महिनाअखेर सांग. उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण या माणसानं एका शब्दानं तरी काही म्हणावं की नाही? 'गोळी घेतली?' या दोन शब्दांच्या भरवशावर कुणी मुक्काम बदलतं का?

संक्रांतीला त्याच्या आईनं, पुष्पाकाकूंनी, तिळगुळाला बोलावलं. परातीत ऊस, हरभरे, गाजरं, बोरं. मनाशी म्हटलं, आजच. त्यातलं सगळ्यात टपोरं बोर उचलून मी त्याच्यापुढे धरलं. "घे. गुलाबाचं नाही, पण व्हिटॅमिन सी आहे यात."

त्यानं हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"आत्ता नको, तेजू... नंतर. म्हणजे मी..."

तेवढ्यात काकूंनी हाक मारली आणि तो गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साधं बोर नको याला माझ्या हातचं! तो परत आला तेव्हा मी चपला घालत होते.

"फेब्रुवारीत जाणार आहे मी."

"हो..." तो खाली बघत म्हणाला. "माहीत आहे."

संपलं! त्यानंतरही सकाळी मेसेज यायचे. मी उत्तर दिलं नाही. पण वाचायची मात्र रोज, आणि वाचून झाल्यावर रडू यायचं. खोटं कशाला बोलू?

सरस्वती पूजेच्या, म्हणजे आपल्या वसंत पंचमीच्या, आदल्या दिवशी गोळ्या संपल्या म्हणून दुकानात गेले. वाटेत हातगाडीवर बोरं दिसली, ती घेतली होती. एकटीनं काय खायचं म्हणून पिशवी दासबाबूंपुढे धरली, तर ते दचकून मागेच सरकले.

"ना, ना! सरस्वती पूजोर आगे कुल? परीक्षाय फेल!"

मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी समजावलं. कुल म्हणजे बोर. देवीला वाहिल्याशिवाय ते खायचं नाही, नाहीतर परीक्षेत नापास.

"दासबाबू, तुमची आता कसली परीक्षा?"

"नातीची आहे ना!"

मी तिथंच हसत सुटले. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच होते. ते बिचारे बावरले आणि त्यांनी घाईघाईनं नेहमीचा प्रश्न विचारला, "छोटो, ना बडो?"

या वेळी उत्तर द्यायला मी जरा वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सकाळचा मेसेज आला नाही. पिवळी साडी नेसून मी त्याच्या शाळेत गेले. त्या दिवशी सगळं शहरच पिवळं असतं, आणि निम्मं प्रेमात. मांडवामागे कौस्तुभ बाह्या सरसावून पोरांना खिचडी वाढत होता. मला बघून हातातला डाव तसाच अधांतरी राहिला.

मी बोर पुढे केलं. "घे. देवीचं खाऊन झालंय."

त्यानं घेतलं, तोंडात टाकलं आणि बी गालात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"भूगोलाच्या मास्तरांना कसली रे परीक्षेची भीती?"

"एरवी घरी संक्रांतीला खातोच मी. आई कुठे ऐकते! पण या वर्षी..." तो थांबला. "या वर्षी खरंच परीक्षा होती. तू थांबतेस की जातेस, याची. मला नापास व्हायचं नव्हतं, तेजू. फार आवडतेस तू मला."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"म्हटलं होतं ना, फूल तोडलं नाही तर..."

"धीर तुला धरवतो. मला नाही धरवत! ऑफिसला कालच कळवून टाकलंय मी." मी पर्समधून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. तीच लाल फळं, तेच नाव. फक्त त्याच्या मुठीत ती मावत नव्हती.

"बडो," तो इतक्या हळू म्हणाला की पोरांच्या गलक्यात मला जेमतेम ऐकू आलं. मग चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. "आज... गोळी घेतली?"

"नाही अजून," मी म्हणाले. "कुणी विचारलंच नव्हतं."