दर्याच्या तळची तार

नारळी पौर्णिमेच्या दुपारी केतकीच्या आईच्या कचेरीतले संगणकांचे सगळे पडदे एकदम गोठले. वीज होती, आभाळ स्वच्छ होतं, संगणकही ठणठणीत होते. मग दर्यापलीकडच्या मोंबासाच्या इस्पितळातून येणारे एक्स-रे वाटेत अडले कुठे?

मुंबईच्या एका कोळीवाड्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर ही कचेरी होती. केतकीची आई हर्षला आणि तिच्या मैत्रिणी तिथे संगणकांना एक्स-रे वाचायला शिकवत. मोंबासाचं हे त्यांचं पहिलंवहिलं परदेशी काम. चार वाजता तिथल्या डॉक्टरीणबाई ते तपासणार होत्या. तेव्हा पडदे असेच राहिले, तर काम हातचं जाणार होतं. आईचा उतरलेला चेहरा पाहून केतकी आजांकडे धावली.

"आजा, वरचा उपग्रह बिघडला काय?"

आजा म्हणजे आईचे बाबा. उभा जन्म त्यांनी समुद्रातल्या तारांच्या संशोधनात घालवला होता. "वर काय बघतेस गो? खाली बघ, दर्यात!" म्हणत त्यांनी कुर्लीला पाण्यात पिटाळलं. कुर्ली म्हणजे तळावर चालणारा त्यांचा खेकड्यासारखा आठ पायांचा यंत्रमानव. अतिशय कामसू, पण तोंडाळ.

ती पोचेपर्यंत आजा सांगू लागले. "संगणक चित्राचे आकडे करतो आणि आकड्यांची करतो उजेडाची उघडझाप. ती प्रकाशतंतूंतून (केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्यांतून) धावते. अशा धाग्यांवर जाड वेष्टनं चढवली की झाली समुद्रतार."

"म्हणजे एक्स-रे माशांच्या शेजारून येतात?"

"तर! पूर्वी इथं बंदर होतं म्हणून कापूस आला, कापसामागून गिरण्या. आता समुद्रतारा इथं किनाऱ्याला लागतात, म्हणून संगणकवाले आले. एका कारखान्यामागून कारागीर आले, कारागीर बघून दुसरा कारखाना आला. बेट म्हणजे एकटं, असं वाटतं ना? पण पाण्यातूनच तर जग आपल्या दारात येतं."

"व्याख्यान पुरे," आजांच्या हातातल्या छोट्या पडद्यावरून कुर्ली म्हणाली. "तार सापडली. तिचे काही धागे तुटलेत आणि तिच्यात नांगर रुतलाय. पिवळा, वर लाल ठिपके."

केतकीने पडद्याजवळ जाऊन पाहिलं. बाबांच्या होडीच्या नांगरावर ते ठिपके तिनेच काल रंगवले होते! सणाला सगळ्या होड्या तारेपासून लांब, नेहमीच्या जागी दाटीने उभ्या राहतात. आपला सोनेरी नारळ मोकळ्या पाण्यात पडावा, म्हणून आज सकाळी तिनेच बाबांकडे हट्ट धरला होता, "गर्दीत नको, जरा पुढं चला." तिला किनाऱ्यावर सोडून बाबा पुन्हा तिथेच गेले होते.

तिने बाबांना फोन लावला. "नांगर अडकलाय पोरी," ते म्हणाले, "आता जोर लावून ओढतो."

"ओढू नका, बाबा! खाली आईची तार आहे. तिचे काही धागे तुटलेत, ओढलात तर उरलेले पण जातील. माझ्यामुळं झालं सगळं."

तो नांगर बाबांच्या वडिलांचा होता. तरी फोनवर सुरी दोरावर चालल्याचा आवाज आला. "कापला. रडू नको. नांगर नवा मिळंल."

"पण तार दुरुस्त व्हायला कितीतरी दिवस लागतील!" आई म्हणाली.

"जाळ्याचा एक डोळा फाटला, तर सगळं जाळं टाकून देतेस काय गो?" आजांनी विचारलं. "तारांचंही जाळंच आहे. तू एकच वाट घेतलीस, ती चूक. पर्यायी मार्ग (एक बंद पडला तर वापरायचा दुसरा रस्ता) हवाच." समुद्रतारा जिथे जमिनीवर येतात, त्या किनाऱ्यावरच्या तारघरात त्यांनी जुन्या शिष्याला फोन केला. उजेड आता जमिनीवरून चेन्नईला, तिथून सिंगापूरला आणि मोठा वळसा घालून मोंबासाला जाणार होता. केवढा लांबचा फेरा! पण उजेडाला त्यासाठी पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

चारच्या ठोक्याला पडदे जागे झाले आणि त्यांवर डॉक्टरीणबाई दिसल्या. त्यांनी काम नीट तपासलं आणि मान डोलावली. मग त्यांना मागे उभी असलेली, नाक लाल झालेली केतकी दिसली. तिच्या हातात वर खोबरं भुरभुरलेल्या नारळीभाताची वाटी होती.

"नारळ?" त्या हसल्या आणि त्यांनी आपल्या खिडकीचा पडदा सारला. बाहेर नारळीची झाडं होती, आणि पलीकडे निळाशार दर्या.

"आई, हा तर आपलाच दर्या!" केतकी ओरडली. "पुढच्या वर्षी मी दोन नारळ सोडणार. एक दर्याला, एक तारेला."

"सोड की," आईने तिला जवळ ओढलं. "पण होडी गर्दीतच उभी करायची हां!"