दोघांची हवा

त्या दिवशी टायरमास्तर गाडीपाशी वाकले होते ते फक्त हवा बघायला. संध्याकाळचे पाच वाजले होते. दुकानाचं शटर निम्मं खाली आलं होतं, आणि घरी निघण्याआधी मागच्या चाकावर एक नजर टाकायची ही त्यांची जुनी सवय. पण त्या दिवशी नजर टाकली आणि ते वाकलेले तसेच राहिले, पार कंबर दुखायला लागेपर्यंत.

टायरमास्तर हे नाव त्यांना शेजारच्या वेल्डरनं चिकटवलेलं. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण टायर वाचायचे. कुणी हात बघून पुढचं सांगतात, हे टायर बघून मागचं सांगायचे. "ब्रेक फार उशिरा दाबता तुम्ही." "डावीकडे कलून बसता, पाठ दुखते ना?" एकदा एका गिऱ्हाइकाला त्यांनी चारचौघांत विचारलं, "एकटेच फिरता म्हणता, मग मागे रोज कोण असतं हो?" त्या बिचाऱ्याचा चेहरा असा उतरला की तो पुन्हा दुकानाकडे फिरकला नाही. मागे माणूस बसत असेल तर टायर लपवत नाही. वजन मागे पडतं, रबर दबतं, आणि मधला पट्टा कसा झिजतो ते जाणत्या माणसाला बोटानं कळतं.

मास्तरांच्या स्वतःच्या गाडीचा टायर नेमका तसा झिजला होता. आणि त्यांच्या मागे सात महिन्यांत कुणीही बसलेलं नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक टेकडी आहे, आणि टेकडीच्या कुशीत रस्ता एका ठिकाणी कोपरासारखा दुमडतो. तिथे कातळातून बारा महिने पाणी झिरपतं. ऊन कधी पोचत नाही, शेवाळाचा ओला वास हटत नाही. त्या वळणावर गाडीचं मागचं चाक सरकलं. वेग म्हणाल तर सायकलवाला पुढे गेला असता एवढाच. मास्तरांना खरचटलं. बायकोचं डोकं कातळावर आदळलं.

चाक सरकलं कारण त्यावर आठ वर्षांचा टायर होता. दुकानातल्या वरच्या फळीवर पडून राहिलेला, कुणी न घेतलेला. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडे असतात, कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. मास्तर गिऱ्हाइकाचं बोट धरून त्यावर ठेवायचे. "नक्षी बघू नका, तारीख बघा. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. दिसायला कोरं, पण नख रुतत नाही त्यात. कोरड्या रस्त्यावर चालेल, ओल्यावर साबण होतो." शेकडो लोकांना हे सांगितलं, आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र म्हणाले, नक्षी तर कोरी आहे, वाया कशाला घालवायचा, घरचीच तर गाडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायकोनं गाडीवर बसताना विचारलंही होतं, "चांगला आहे ना हो टायर?" "तू टायरवाल्याची बायको आहेस," मास्तर हसून म्हणाले होते. त्यानंतर हसणं त्यांना जमलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर त्यांनी ताजा टायर घातला. तारीख तीनदा वाचून, नख रुतवून. तोच हा टायर. अडीच हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते आणि मधोमध नक्षी अर्ध्यावर आली होती.

मास्तर घरी निघाले. धुकं उतरत होतं, म्हणून दिवा लावला. वळण जवळ आलं तसं पाण्याचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. गाडी वळणात कलली, आणि मागच्या स्प्रिंगा हलकेच कुरकुरून खाली बसल्या. समोर धुक्यात दिव्याचा झोत टीचभर वर सरकला. मागे वजन पडलं की झोत वर जातो, हे मास्तरांना काय सांगावं? गेले कित्येक दिवस असं होत असणार. ते आज लक्ष देऊन बघत होते, एवढंच.

त्यांनी आरशात पाहिलं. रिकामा रस्ता होता. मान वळवून मात्र त्यांनी पाहिलं नाही.

भीती वाटायला हवी होती. पण वाटलं ते इतकंच, की एकटं जायचं नाही. दाराशी गाडी थांबली तेव्हा स्प्रिंगा पुन्हा वर आल्या, मागचं माणूस उतरल्यावर याव्यात तशा. घरात दिवा नव्हता, ओट्यावर सकाळचा एकच कप होता. तरीही त्या रात्री कितीतरी दिवसांनी मास्तर उपाशी झोपले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या चाकात छत्तीसचा काटा येईपर्यंत हवा भरली. एकट्याला एकोणतीस पुरते, छत्तीस ही दोघांची हवा.

वेल्डर चष्मा कपाळावर चढवून बघत होता. "काय मास्तर, कुणाला घेऊन चाललायस?"

"कुणाला नाही."

"मग फुगवतोयस कशाला एवढा? एकट्यानं जाशील तर चेंडूसारखी उडेल गाडी. आणि मधोमध झिजेल ते वेगळंच. हे मी तुला शिकवायचं का?"

वेल्डरचं खरं होतं. वळणापर्यंत गाडी उडाली, प्रत्येक खड्ड्यात मास्तरांचे दात वाजले. पण वळणावर स्प्रिंगा बसल्या, आणि तिथून घरापर्यंतचे तीन किलोमीटर गाडी लोण्यावरून चालावी तशी गेली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वाऱ्यानं नव्हतं.

त्या तीन किलोमीटरांत ते बोलायला लागले. आज गिऱ्हाईकच नव्हतं. वेल्डरची मान धरलीये, पण डॉक्टरकडे जाईल तर शपथ. लेकीचा फोन आला होता, सुट्टी मिळत नाही म्हणते. मागून उत्तर कधी आलं नाही. बायकोही गाडीवर फारशी बोलायची नाही, वारा कानात शिरतो म्हणायची. एकदाच, दाराशी पोचल्यावर, मास्तर हळूच म्हणाले, "रागावली आहेस का गं...?" स्प्रिंगा वर यायला त्या दिवशी जरा उशीर लागला.

एक गोष्ट मात्र खटकत होती. दिव्याचा झोत. बायको मागे बसली की तो कातळावरच्या चुन्याच्या पट्ट्यावर पडायचा, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. पहिल्या आठवड्यात तो पट्ट्यावरच पडला. महिन्याभरात पट्ट्याच्या हातभर वर गेला. पुढे कातळ सोडून झाडांच्या शेंड्यांत जायला लागला. छत्तीसची हवा अपुरी पडली, अडतीस केली, मग चाळीस. बायको पंचेचाळीस किलोची, वाऱ्यानं उडेल अशी. इतकं वजन तिचं कधीच नव्हतं. मास्तरांसारख्या माणसाला हा हिशेब कळत नव्हता असं नाही. पण मेल्यावर माणसाच्या वजनाचं काय होतं ते कुणाला माहीत, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला. एकट्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

टायर आता मधोमध पाटासारखा सपाट झाला होता. असा टायर सरळ रस्त्यावर शहाण्यासारखा चालतो. वळणात मात्र गाडी कलायलाच तयार होत नाही. जोर लावावा लागतो, आणि मग सपाट भागाची कड ओलांडली की अंधारात पायरी चुकावी तशी धप्पकन आत पडते. दोनदा चाक सरकलं. दोनदा मास्तरांनी पाय टेकून सावरलं, आणि दुसऱ्या वेळी बुटाचा तळ फाटला.

"तू शुद्धीवर आहेस का?" वेल्डर खेकसला. "लोकांना ब्रह्मज्ञान आणि स्वतः असल्या गुळगुळीत टायरवर! फळीवर नवा पडलाय तो काय पुजायला ठेवलायस?"

मास्तर जुन्या टायरवरून हात फिरवत राहिले. ती या टायरवर आली होती. हा काढला आणि ती आलीच नाही तर? मग संध्याकाळी घरी जायचं ते कशासाठी?

आणि मग एका दुपारी, चारच्या बसनं, लेक दुकानासमोर उतरली. खांद्याला पिशवी, हातात हेल्मेट. शहरात ती स्वतःची मोटरसायकल चालवायची, पण लांबच्या प्रवासाला बस बरी म्हणायची. न सांगता आली होती. "दोन दिवसांची सुट्टी मिळाली बाबा. चला, घरी जाऊ. किती वाळलात हो तुम्ही!"

मास्तरांना आनंद झाला, पण क्षणभरच. घरी जायचं म्हणजे ती मागे बसणार. वळणावरून जायचं. आणि तिथे...

"बस नाहीये का गं टेकडीपलीकडे जायला?"

"बाबा! मुलगी इतक्या महिन्यांनी आली आणि तुम्ही तिला बस बघायला सांगता?" ती हसत गाडीजवळ गेली, आणि सवयीनं मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. लहानपणापासून बापाच्या हाताखाली टायर बघितलेले तिनं. तिचं हसू मावळलं. बोट मधल्या सपाट पट्ट्यावरून हळूहळू फिरलं.

"बाबा... तुमच्या मागे कोण बसतं?"

लेकीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"आणि या टायरवर तुम्ही मला बसवणार होतात? आईनंतर?"

मास्तरांनी शिडी लावली. फळीवरचा नवा टायर खाली काढला. तारीख वाचली, लेकीला वाचायला दिली, नख रुतवून दाखवलं. चाक सोडवलं, आणि जुना टायर रिंगमधून सुटला तेव्हा मनातल्या मनात ते म्हणाले, माफ कर. पोरगी आहे. हे कुणाला म्हणाले ते त्यांचं त्यांना माहीत. मग छत्तीसचा काटा बघून हवा भरली. या खेपेला ती खरोखर दोघांची होती.

वळण आलं. ठिबक, ठिबक. मास्तरांनी श्वास धरला. गाडी गोल, गुळगुळीत कलली, कातळाला वळसा घालून सरळ झाली. स्प्रिंगा कुरकुरल्या नाहीत. झोत चुन्याच्या पट्ट्यावरच राहिला. लेक बापाला घट्ट धरून बसली होती, आणि हेल्मेटच्या आत मास्तर लहान पोरासारखे रडत होते.

दोन दिवसांनी लेक गेली. मास्तरांनी हवा एकोणतीसवर आणली. वळण रोज आलं आणि गेलं, मागे कुणी बसलं नाही. आपण योग्य तेच केलं, असं ते रोज स्वतःला सांगायचे, आणि ते खरंही होतं. पण योग्य केल्यानं घर भरत नाही. हळूहळू वळणाआधी श्वास धरायची सवय सुटली. एकच कप विसळताना हात थांबेनासा झाला.

दीड महिन्यानं, ऐन दुपारी, लेकीचा फोन आला.

"बाबा, टायरमध्ये खोट असते का कधी? गेल्या महिन्यात मागचा नवा घातला. तुम्ही सांगितलंत तशी तारीख बघून घातला. आणि मधोमध पार सपाट झालाय."

मास्तर हातातला पाना खाली ठेवायला विसरले. "मागे... कुणाला बसवतेस?"

"कुणाला बसवणार? एकटीच तर फिरते. आणि गंमत सांगू? आमच्या इथल्या पंपावरचा म्हातारा मला विचारतच नाही, सरळ दोघांची हवा भरतो. काल तर म्हणाला, ताई, दुचाकीवर तिघं बसू नका, टायर टिकायचा नाही. मी मागे वळून बघितलं, तर कुणीच नाही. चेष्टेखोर आहे मेला."

दुकानाबाहेर वेल्डरचं यंत्र बंद पडलं. पंचेचाळीस किलो, मास्तरांच्या मनात आलं. ती पंचेचाळीस किलो. मग बाकीचं वजन कुणाचं...?

"तू आत्ता कुठे आहेस?"

"रस्त्याच्या कडेला थांबलेय. का हो?"

"गाडीवरून उतर. ऐक माझं. आधी खाली उतर."

"उतरलेच आहे हो मी, फोन करायला." तिचा आवाज बारीक झाला. "पण बाबा... गाडी अजून दबलेलीच आहे."