खांद्यावरचा हात

परदेशातल्या मुक्कामाची ती शेवटची दुपार. तिथे राहणाऱ्या आमच्या लेकीनं आम्हा दोघांना एका जुन्या करमणूक उद्यानात नेलं होतं. तिथलं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड शंभरी ओलांडलेलं, पण तेलपाणी चोख. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्र दिसलं की माझा कान आधी तिकडे जातो.

"अहो, कान नंतर लावा. मी बसते," म्हणत ही पांढऱ्या घोड्यावर चढलीसुद्धा. गुडघेदुखी घरीच विसरून आल्यासारखी. पितळी दांडा दोन्ही मुठींत धरून माझ्याकडे बघून हसली. बरं वाटलं मला.

"बाबा, इथली एक पद्धत आहे," लेक म्हणाली. "थांबल्यावर लगेच उतरायचं नाही. ते चालवणारे आजोबा येऊन खांद्यावर हात ठेवतात, मगच उतरायचं."

"का म्हणून?"

"कुणास ठाऊक. पण पाळतात सगळे."

घोडे वरखाली होत फिरले. मग ब्रेक लागला. ब्रेक पुरता बसल्याचा आवाज मला झोपेतही कळतो. म्हातारा चालक एकेका खांद्यावर हात ठेवत सावकाश येऊ लागला. पोरंटोरंही चिडीचूप बसून होती. हिचा घोडा नेमका माझ्यासमोर थांबला होता.

"उतर गं. थांबलंय."

"त्यांना येऊ दे की."

"मला ब्रेक शिकवतेस? चल, उतर."

मी हात पुढे केला. तिनं तो धरला आणि उतरली. तिचा हात गार लागला. अंगाला व्हार्निशचा वास येत होता.

म्हातारा त्या रिकाम्या घोड्यापाशी आला. खोगिराच्या वर त्यानं हात नेला. तो हात हवेत कशावर तरी टेकला. त्याचा चेहरा उतरला. तो घाईघाईनं काहीतरी बोलला.

"आईला परत वर बसवा म्हणतायत," लेक म्हणाली. "लगेच."

मी चिडलो. तरी हिला म्हणालो, "चढ बाई एकदा."

"चढू कुठे?" ही म्हणाली. "मी बसलेच आहे की."

पाय जमिनीवर होते. मुठी मात्र छातीपुढे, एकीवर एक, घट्ट.

मी पुरता घाबरलो. आम्ही तिघांनी मिळून तिला उचलून घोड्यावर बसवायला पाहिलं. गुडघे वाकेनात.

आता आम्ही घरी आहोत. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. ही जेवते, विचारलं तर बोलते. दुपारी खुर्चीत बसली की हळूहळू वर होते, खाली येते.

मी रोज खांद्यावर हात ठेवतो. "उतर गं. थांबलंय."

"अहो, अजून कुठे थांबलंय?"

मग मी तिच्या पाठीला कान लावतो. आत चाक फिरतंय. तेलपाणी चोख आहे.