साहेबाच्या कोटाचा कच्चा टाका

बाहीचं अस्तर उसवलं नसतं, तर मी त्या दुकानात पाऊलच टाकलं नसतं.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते आणि म्हैसुरात पाऊस मध्येच येत होता, मध्येच थांबत होता. मी नाशिकची. वाइन चाखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि इथल्या एका हॉटेलाची नवी यादी ठरवायला आले होते. जयलक्ष्मीपुरमच्या गेस्ट हाउसमधून निघताना दाराच्या कडीत जॅकेटची बाही अडकली आणि आतलं अस्तर टर्रकन उसवलं. रिक्षावाल्याने एका गल्लीत शिंप्याच्या दुकानासमोर सोडलं. आत विठ्ठलाची तसबीर, एक उंच आरसा, आणि मशीनवर मान घालून बसलेला तिशीतला एक तरुण. गळ्यात टेप, टेपखाली तुळशीची माळ.

"बाहीला कन्नडमध्ये काय म्हणतात देव जाणे," मी स्वतःशीच पुटपुटले.

"मराठीतच सांगा की," तो मान वर न करता म्हणाला. "आमी घरात तेच बोलतो. स्वल्प मोडकं हाय, पण चालतंय."

त्याचं नाव निवृत्ती. त्याने जॅकेट हातात घेतलं, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि सांगितलं, की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे, बॅग रोज त्याच बाजूला अडकवत असणार. टेप न लावता हे कसं कळलं, असं मी विचारलं. बघून, तो म्हणाला.

"अजून काय काय कळतं बघून?" मी उगाचच विचारलं. खरं तर इतकं आगाऊ बोलायची माझी सवय नाही...

त्याचे कान लाल झाले. तो उत्तर शोधत माझ्याकडे बघत राहिला आणि मग एकदम उठून इस्त्रीकडे धावला. खालचं कापड जळून तपकिरी झालं होतं. इस्त्री माझ्या कोपरापाशीच होती, आणि मला पत्ताही नव्हता.

"वास नाही आला तुमाला?"

"लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

ते खोटं होतं. पाच महिन्यांपूर्वी तापात पडले आणि उठले ती नाक हरवूनच. आई वरण करपवून बसली तरी मला कळत नव्हतं. म्हैसूरच्या मोगऱ्याचा गजरा नाकाशी धरला, तर ओला कागद धरल्यासारखं वाटलं. जिभेला आंबट-तुरट कळत होतं, रंग दिसत होता, आणि बाकी सगळं मी आठवणीतून ठोकून देत होते. चाखणाऱ्या बाईला वासच येत नाही, हे कळलं असतं तर माझं सगळंच संपलं असतं. म्हणून कुणालाही सांगितलं नव्हतं.

पैसे काढायला बॅग उघडली आणि माझं हत्यार खणकन खाली पडलं, दोन पातळ पात्यांचं. त्याने ते उचललं, निरखलं, आणि हे कशाला लागतं म्हणून विचारलं. फार जुन्या बाटल्यांची बुचं काढायला, मी सांगितलं. साध्या स्क्रूने ती भुगा होतात.

निवृत्तीने भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"एक गिऱ्हाईक हाय," तो हळूच म्हणाला. "फार वर्षं झाली, वाट बघतंय."

आतल्या खोलीत दुसरा एक उंच आरसा होता, आणि त्याच्यासमोर लाकडी पुतळ्यावर एक काळा लोकरी कोट चढवलेला होता. त्याच्या कॉलरवर पांढऱ्या दोऱ्याचा एकच लांब टाका होता, अगदी नवा असल्यासारखा स्वच्छ. निवृत्तीने सगळं सांगितलं. पणजोबा भीमसेन यांच्याकडे हुणसूरच्या तंबाखूच्या मळ्यावरच्या एका फ्रेंच साहेबाने १९३८ साली लग्नाचा कोट शिवायला टाकला होता. सोबत घरच्या तीन जुन्या बाटल्या ठेवल्या. सांगून गेला, की ही वाइन जिवंत आहे तोवर मी येणार असं समजा, आणि ती मेली की कोट कुणालाही द्या. मग युद्ध लागलं आणि तो परतलाच नाही.

त्यांच्या घराण्यात शेवटचा कच्चा टाका गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिल्यावरच काढायचा, अशी रीत. तो काढेपर्यंत काम पुरं झालं असं धरत नाहीत, आणि थोरला मुलगा गाव सोडत नाही. पणजोबांनी बाटल्या कापायच्या टेबलाखाली खड्ड्यात, लोकरीच्या चिंध्यांत आडव्या ठेवल्या. दोऱ्याला लावायचं मेण दर वर्षी बुचांवर चढत गेलं. पण घर माळकऱ्यांचं. वाइन जिवंत आहे की मेली, हे चाखून बघणार कोण? कुणा परक्याला विचारायचीही लाज. वडील गंगाधरराव जाताना एवढंच म्हणाले, की जाणतं माणूस आपण होऊन दारात आलं तरच विचार.

"तुम्ही कधीच गाव सोडलं नाही?"

"जवळच्या एच. डी. कोटेला गेलोय. दुपारच्या बसने परत." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "दोन स्थळं मोडली. मुलींना वाटतं, ह्याचं एक लग्न त्या कोटाशी झालंय. समुद्र बघायचा होता मला... परवागिल्ला."

ते 'परवागिल्ला' मला आत कुठेतरी लागलं. चालायचंच, असं म्हणत माणूस सगळं आयुष्य देऊन टाकतो की काय! आणि त्याची सुटका माझ्या नाकावर होती, जे नाकच नव्हतं.

मी बाटल्या उघडल्या. दोन ग्लास मांडले, कारण एक गिऱ्हाईकासाठी हवाच, असा त्याचा हट्ट. तो त्याने पुतळ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला. पहिली बाटली जिभेला निव्वळ व्हिनेगर लागली. दुसरी पाण्यासारखी बेचव. दोन्ही मेलेल्या, हे सांगायला नाक लागत नव्हतं. निवृत्ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

तिसरीचं बूच मात्र अखंड निघालं. ती दोन्ही ग्लासांत ओतली. रंग विटेचा, कडेला फिका. जिभेवर थोडा तुरटपणा, थोडं आंबट... एवढंच. काहीच सांगता येईना. मेली म्हणावं, मी ठरवलं. एक शब्द, आणि हा मुलगा मोकळा. आणि मोकळा झाला, तर... मी पुढचा विचार घाईघाईने थांबवला. तोंड उघडलं, आणि मला वास आला.

ओल्या लोकरीचा. माझ्या मागून.

मग कापूर, मग केसांचं तेल, मग तंबाखूची वाळलेली पानं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा, इतकं स्पष्ट, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लास नाकाशी नेला, तर त्यात सुकलेला गुलाब होता, पावसाळी माती होती, आणि खाली खोलवर काहीतरी अजून उबदार. आरशात पाहिलं. पुतळ्यावरचा कोट छातीशी भरलेला दिसत होता. स्टुलावरचा ग्लास दोन बोटं उतरला होता. मी भ्याले, मागे वळून पाहिलं नाही.

"निवृत्ती," मी म्हणाले, "जिवंत आहे."

त्याने मान हलवली, खूप हळू.

"अजून एक सांगायचंय. मला वास येत नाही. पाच महिने झाले. आत्ता आला, का आला माहीत नाही... पण मी खोटं बोलणार होते. मेली म्हणणार होते."

"मला गोत्तु," तो म्हणाला. "ठाऊक होतं. कापड जळलं तेव्हाच."

"मग मला का विचारलंत?"

"वाटलं, तुमी मेली म्हणाल." तो टेपकडे बघत होता. "नोडी, बघा, आशा होती मला. तुमी खोटं बोलाल नि मी सुटेन. नि मग तुमाला विचारेन, की—" तो थांबला. "आता काय विचारायचं? वाट बघा म्हणून कसं सांगू तुमाला?"

"विचारायच्या आधीच उत्तर कसं ठरवलंत?" मी विचारलं. "मला तुम्ही आवडलात. कोटासकट."

इतकी जुनी वाइन हवा लागली की फार तर पंधरा मिनिटं जगते. आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसून राहिलो, हाताला हात लागेल न लागेल इतक्या अंतरावर. हळूहळू गुलाब गेला, माती गेली, ओली लोकर गेली. तिसरी बाटलीही शांत झाली. मागे उरले खडू, मशीनचं तेल, जळकं कापड. ते वास मात्र गेले नाहीत.

निवृत्तीच उठला आणि जागीच थबकला. कॉलरवर टाका नव्हता. पांढरा दोरा आरशासमोर फरशीवर पडला होता, कुणी बसून हलक्या हाताने उपसल्यासारखा अख्खा. मी हात लावला नव्हता. तो तर माझ्या शेजारीच होता. स्टुलावरचा ग्लास रिकामा होता, आणि पुतळ्यावर आता नुसताच कोट होता, खांद्यांतून ओघळलेला.

निवृत्तीने तो दोरा उचलून विठ्ठलासमोर ठेवला. मग तोंड फिरवून बराच वेळ माझी बाही शिवत बसला. मी त्याला रडू दिलं.

जॅकेट हातात आलं, तेव्हा मनगटापाशी एक पांढरा टाका तसाच होता.

"हा राहिला."

"मुद्दाम ठेवलाय," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. "परत याल तेव्हा काढीन. वाट बघायची सवय हाय आमच्या घराण्याला."

"मी नाही येणार," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला, तो मी मुद्दाम क्षणभर तसाच पाहून घेतला. "तुम्हीच या काढायला. आता गाव सोडायला हरकत नाही ना?"

मी पत्ता लिहून दिला. नाशिकला समुद्र आहे का, एवढंच त्याने विचारलं. नाही, पण तिथून नेऊन दाखवीन, मी सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी नाशिकला माझ्या दाराची बेल वाजली. जॅकेट अंगात अडकवून मी धावत गेले आणि कडीला हात घातला, तोच फटीतून खडूचा नि मशीनच्या तेलाचा वास आला. मी खोल श्वास घेऊन खात्री केली. ओल्या लोकरीचा वास कुठेच नव्हता. मग मी बाही पुढे करून दार उघडलं.